बेन जॉन्सन, सोल १९८८ आणि ९.७९ सेकंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या शंभर मीटर अंतिम शर्यतीला अनेक दशकं उलटली, तरी तिच्याबद्दलचे प्रश्न येतच राहतात. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन ती शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकला, पण चाचणीत स्टेरॉइड, म्हणजे स्नायूंची ताकद वाढवणारं बंदी असलेलं औषध, सापडलं आणि तीन दिवसांनी त्याचं सुवर्णपदक काढून घेतलं गेलं. काहींना वाटतं, बेन जॉन्सनला कोणीतरी अडकवलं. काहींच्या मते तो लबाड होता, पकडला गेला, विषय संपला. दोन्ही मतं अर्ध्या माहितीवर उभी आहेत. जॉन्सनने बंदी असलेली औषधं घेतली होती, हे त्याने स्वतः शपथेवर कबूल केलं आहे. त्याच्या आजूबाजूच्या अनेकांना ते ठाऊक होतं आणि ज्यांनी खेळावर लक्ष ठेवायचं त्यांनीच कानाडोळा केला, हेही सरकारी चौकशीत नोंदलं गेलं आहे. खालची उत्तरं वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात.

जॉन्सन मूळचा कुठला? तो धावायला कसा लागला?

जमैकातल्या फालमथ इथे ३० डिसेंबर १९६१ रोजी त्याचा जन्म झाला. आई कामासाठी आधी कॅनडाला गेली आणि १९७६ मध्ये मुलं तिच्याकडे टोरांटोजवळच्या स्कारबरोला आली. बेन तेव्हा हडकुळा होता, बोलताना अडखळायचा. मोठ्या भावाच्या मागोमाग तो स्कारबरो ऑप्टिमिस्ट्स या क्लबच्या मैदानावर पोचला. तिथे त्याला प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस भेटला. फ्रान्सिस स्वतः कॅनडाचा आघाडीचा धावपटू होता आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये धावला होता.

१९८२ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जॉन्सनने शंभर मीटर आणि चार बाय शंभर मीटर रिले अशी दोन रौप्यपदकं मिळवली. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत तो उपांत्य फेरीत बाद झाला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये १०.२२ सेकंदांसह त्याला ब्राँझ मिळालं, रिलेतही ब्राँझ मिळालं. त्या स्पर्धेत अमेरिकेच्या कार्ल लुईसने ९.९९ मध्ये शर्यत जिंकली आणि एकूण चार सुवर्णपदकं नेली. जॉन्सनकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

लुईस आणि जॉन्सन यांच्यातली चुरस एवढी का गाजली?

दोघं सर्वस्वी वेगळे होते. लुईस उंच, डौलदार, कॅमेऱ्यासमोर सहज बोलणारा. त्याचा जोर शर्यतीच्या उत्तरार्धात दिसायचा. जॉन्सन ठेंगणा, रुंद खांद्यांचा, अबोल, आणि पिस्तुलाचा आवाज होताच ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवरून) असा उसळायचा की पहिल्या दहा मीटरांतच बाकीचे मागे पडत.

आधी सलग हरत आलेल्या जॉन्सनने १९८५ मध्ये झुरिकला लुईसला पहिल्यांदा हरवलं. १९८६ मध्ये मॉस्कोच्या गुडविल स्पर्धेत तो ९.९५ मध्ये जिंकला, लुईस तिसरा आला. त्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने शंभर मीटर आणि रिले अशी दोन सुवर्णं घेतली. मग ३० ऑगस्ट १९८७ ला रोमची जागतिक स्पर्धा झाली. जॉन्सनने ९.८३ सेकंदांची नोंद केली. आधीचा विश्वविक्रम कॅल्विन स्मिथच्या नावावर होता, ९.९३. शंभर मीटरचा विक्रम एका फटक्यात दशांश सेकंदाने खाली यावा, हे स्वयंचलित घड्याळांच्या काळात अभूतपूर्व होतं. लुईसनेही त्या दिवशी ९.९३ मध्ये, म्हणजे जुन्या विक्रमाच्या बरोबरीने शर्यत पूर्ण केली, तरी तो स्पष्टपणे मागे होता.

त्यानंतर लुईसने टीव्हीवरच्या मुलाखतीत कुणाचं नाव न घेता सांगितलं की या स्पर्धेतले काही सुवर्णविजेते औषधांवर आहेत. तेव्हा अनेकांनी ती हरलेल्याची कुरकुर समजली.

रोमचा फरक निव्वळ औषधाचा होता का?

या प्रश्नाचं सरळ हो-नाही उत्तर देता येत नाही. रोममध्ये पिस्तुलाच्या आवाजानंतर जॉन्सन ०.१०९ सेकंदांत हलला, लुईस ०.१९६ सेकंदांत. शेवटी दोघांत ०.१० सेकंदाचं अंतर होतं. त्यातलं जवळजवळ ०.०९ लुईसने पहिलं पाऊल पडण्याआधीच गमावलं होतं. आवाज ऐकून शरीर हलवण्याची चपळाई स्टेरॉइडने मिळत नाही. ती जॉन्सनची स्वतःची होती, फ्रान्सिसने घोटून घेतलेली होती.

पण ब्लॉक सोडल्यानंतर शरीर ज्या ताकदीने पुढे फेकलं जातं, ती ताकद कमावताना औषधाचा वाटा होता. फ्रान्सिसने नंतर सरकारी चौकशीतल्या साक्षीत आपला हिशेब मांडला. सर्वोच्च पातळीवर शंभर मीटरच्या शर्यतीत स्टेरॉइडचा फायदा साधारण एक मीटर आहे, असं त्याचं मत होतं. म्हणजे बाकीचे घेत असताना न घेणं हे इतरांच्या एक मीटर मागे ब्लॉक लावण्यासारखं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. या युक्तिवादातली खोट उघड आहे : जो प्रामाणिकपणे धावत होता, त्याला हाच एक मीटर मागे ढकलत होता.

२४ सप्टेंबर १९८८ ला शर्यतीत काय झालं?

ते वर्ष जॉन्सनला जड गेलं होतं. फेब्रुवारीत मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, मे महिन्यात पुन्हा तीच दुखापत झाली. ऑगस्टमध्ये झुरिकला लुईसने ९.९३ मध्ये त्याला हरवलं, जॉन्सन १०.०० सह तिसरा आला. त्यामुळे सोलला जाताना लुईसचं पारडं जड मानलं जात होतं.

अंतिम शर्यतीत लुईस तिसऱ्या लेनमध्ये, जॉन्सन सहाव्या. या वेळी लुईसची सुरुवात चांगली होती, दोघांच्या प्रतिसादात नगण्य फरक होता. तरीही अर्ध्या अंतरापर्यंत जॉन्सन स्पष्ट पुढे गेला. लुईसने धावता धावता दोनतीनदा उजवीकडे मान वळवून पाहिलं. शेवटची काही पावलं राहिली असताना जॉन्सनने डावीकडे बघत उजवा हात वर केला, एक बोट आकाशाकडे. घड्याळावर ९.७९. लुईस ९.९२, ब्रिटनचा लिनफर्ड ख्रिस्ती ९.९७, कॅल्विन स्मिथ ९.९९. चार जण दहा सेकंदांच्या आत धावले होते.

पत्रकारांनी विचारलं, विक्रम मोठा की पदक? जॉन्सनने पदक सांगितलं, कारण ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. तीन दिवसांनी, २७ सप्टेंबरला, पदक काढून घेतल्याचं जाहीर झालं.

चाचणी कशी झाली आणि त्यात काय सापडलं?

शर्यतीनंतर पदकविजेत्यांच्या लघवीचे नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना दोन बाटल्यांत विभागतात, ‘अ’ आणि ‘ब’. बाटलीवर खेळाडूचं नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत तपासणाऱ्याला कळतच नाही की नमुना कुणाचा. ‘अ’ बाटलीत दोष आढळला तर खेळाडूच्या प्रतिनिधींसमोर ‘ब’ उघडतात. सोलमध्ये हा सगळा क्रम पाळला गेला. दोन्ही बाटल्यांत स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडचे शरीरात तयार झालेले अंश सापडले.

नाव कळल्यावर धक्का बसलेल्यांत डिक पाउंडही होता. तो कॅनडाचा वकील, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा उपाध्यक्ष. त्याने जॉन्सनला थेट विचारलं, जॉन्सनने नाही सांगितलं, आणि पाउंडने वैद्यकीय आयोगापुढे त्याची बाजू मांडली. ती टिकली नाही. १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष हाच पाउंड होता.

स्टॅनोझोलॉल शरीरात काय करतं?

ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे. स्नायूंत प्रथिनं बनण्याचा वेग ते वाढवतं. धावपटूच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कठोर सरावानंतर शरीर लवकर सावरतं. ज्या सरावानंतर एरवी पुरेशी विश्रांती लागेल, तो सराव लवकर पुन्हा करता येतो. म्हणून ही औषधं शर्यतीच्या दिवशी नव्हे तर सरावाच्या महिन्यांत घेतली जात. ‘गोळी घेतली आणि पळाला’ असं चित्र अनेकांच्या मनात असतं, ते चुकीचं आहे. सराव तर करावाच लागतो, उलट जास्त करावा लागतो.

किंमतही मोजावी लागते. यकृतावर ताण येतो, रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडतं, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं. स्त्रियांमध्ये आवाज घोगरा होण्यासारखे बदल कायमचे राहू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९७५ मध्ये अशा स्टेरॉइडवर बंदी घातली आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून त्यांची तपासणी सुरू झाली. म्हणजे सोलपर्यंत नियम नवा राहिला नव्हता.

कोणीतरी त्याच्या बिअरमध्ये औषध मिसळलं, असं म्हणतात. यात तथ्य आहे का?

ही कहाणी निघाली कारण चाचणीच्या खोलीत एक अनोळखी माणूस होता. आंद्रे जॅक्सन हा लुईसच्या ओळखीचा माणूस तिथे जॉन्सनजवळ बसला होता, हे खरं आहे. शर्यतीनंतर अंगातलं पाणी आटलेलं असल्याने नमुना देण्यासाठी जॉन्सनने बराच वेळ बिअर पिऊन वाट पाहिली, हेही खरं. त्या खोलीत नको ती माणसं वावरत होती, हा व्यवस्थेचा ढिसाळपणाच.

पण या कहाणीच्या वाटेत दोन अडथळे आहेत. पहिला वैज्ञानिक : कोलोनच्या प्रयोगशाळेचे डॉ. मानफ्रेड डोनिके यांनी ऑलिम्पिक समितीच्या वैद्यकीय आयोगाला दाखवून दिलं की नमुन्यातल्या संप्रेरकांचं चित्र दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचं आहे. त्याच दिवशी पेयातून पोटात गेलेल्या औषधाने असं चित्र उमटत नाही. दुसरा अडथळा खुद्द जॉन्सनचा कबुलीजबाब. १९८१ पासून तो स्टेरॉइड घेत होता, हे चौकशीत सिद्ध झालं. सोलच्या शर्यतीला महिनाही उरला नव्हता तेव्हा त्याला इंजेक्शनं दिली गेली होती.

मग तो आणि फ्रान्सिस ‘स्टॅनोझोलॉल कसं सापडलं’ म्हणून इतके का चक्रावले? त्याचं उत्तर त्यांच्या डॉक्टरमध्ये आहे.

हा डॉक्टर कोण? त्याची भूमिका काय होती?

जेमी अ‍ॅस्टाफन, सेंट किट्स बेटावरचा, टोरांटोत व्यवसाय करणारा. तो धावपटूंना दुधाळ रंगाचं इंजेक्शन देई आणि त्याला ‘एस्ट्रागॉल’ म्हणे. आत फुराझाबॉल नावाचं वेगळं, चाचणीत न सापडणारं स्टेरॉइड आहे असा त्याचा दावा होता. चौकशीचा निष्कर्ष निराळा निघाला : ते जनावरांसाठी बनवलेलं स्टॅनोझोलॉल होतं.

हे वाचताना राग येतो, आणि तो यायलाच हवा. खेळाडू आपल्या शरीरात काय टोचलं जातंय हे जाणत नव्हता. त्याने नियम मोडला होता यात शंका नाही, पण ज्यांच्या हाती त्याने शरीर सोपवलं त्यांनी त्याला खरं नावही सांगितलं नाही. प्रशिक्षक आणि डॉक्टर यांच्यावर विसंबलेला तरुण खेळाडू किती असहाय असतो, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. जॉन्सनला पहिल्यांदा स्टेरॉइड सुचवलं गेलं तेव्हा तो वीस वर्षांचाही पुरता झाला नव्हता.

डुबिन आयोग कशासाठी होता?

सोलनंतर काही दिवसांतच कॅनडाच्या सरकारने न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. १९८९ मध्ये महिनोन् महिने सुनावणी चालली. शंभराहून अधिक साक्षीदार आले, लोकांनी ती टीव्हीवर पाहिली. अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. इतर देश आपापल्या खेळाडूंचं झाकत असताना कॅनडाने घरातली घाण चव्हाट्यावर आणली. फ्रान्सिसने कोणाला कधीपासून काय दिलं ते तपशीलवार सांगितलं. जॉन्सनची क्लबमधली सहकारी अँजेला इसाजेंको हिने आपल्या डायरीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. शेवटी जूनमध्ये जॉन्सन साक्षीला उभा राहिला. सोलहून परतल्यावर त्याने आपण जाणूनबुजून काहीच घेतलं नाही असं सांगितलं होतं. आयोगापुढे त्याने ते खोटं होतं हे मान्य केलं.

डुबिन यांनी ठपका एकट्या धावपटूवर ठेवला नाही. कॅनडाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या कानावर कुजबुज कधीची येत होती आणि तिने शोध घेतला नाही, हे अहवालात आहे. त्याहून दूरगामी निष्कर्ष चाचण्यांबद्दलचा होता : केवळ स्पर्धेच्या दिवशी तपासणी करून कोणी फारसं सापडत नाही, सापडतो तो ज्याचा दिवसांचा हिशेब चुकला तो.

म्हणजे आधीच्या चाचण्यांत तो याच कारणाने सुटला?

होय. औषध सरावाच्या काळात घ्यायचं, स्पर्धेच्या काही आठवडे आधी थांबवायचं, अंगातून निघून जाऊ द्यायचं. जॉन्सनची त्याआधी कित्येकदा तपासणी झाली होती, अहवाल स्वच्छ आले होते. हे अहवाल दाखवून मंडळं समाधानी राहत. न सांगता, सरावाच्या दिवसांत दारात येऊन नमुना घेणं हाच त्यावरचा उपाय होता आणि तो तोवर जवळपास कुठेच अमलात नव्हता. सोल आणि डुबिन अहवालानंतर तो हळूहळू रुजला.

रोममध्ये तर चाचणीत काही सापडलं नव्हतं. मग तो विक्रम का रद्द केला?

कबुलीमुळे. चौकशीत जॉन्सनने त्या काळातही स्टेरॉइड घेतल्याचं मान्य केल्यावर आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने सप्टेंबर १९८९ मध्ये निर्णय घेतला आणि १ जानेवारी १९९० पासून ९.८३ ची नोंद पुसली गेली. रोमचं सुवर्णपदकही लुईसकडे गेलं, जमैकाचा रे स्टुअर्ट रौप्यावर आणि ख्रिस्ती ब्राँझवर सरकला. सोलमधली लुईसची ९.९२ ही वेळ विश्वविक्रम ठरली.

हा निर्णय बरोबर होता. तरी त्याची एक दुखरी बाजू आहे. ज्याने शपथेवर खरं सांगितलं त्याचे विक्रम गेले. इतर देशांत ज्यांना कोणी शपथेवर प्रश्नच विचारले नाहीत, त्यांचे टिकले.

त्या अंतिम शर्यतीतले जवळपास सगळेच दोषी होते, हे खरं का?

हे वाक्य फार सैलपणे फेकलं जातं. एकेकाचं वेगळं पाहायला हवं.

कार्ल लुईसच्या नमुन्यात १९८८ च्या अमेरिकन निवड स्पर्धेत सर्दीच्या औषधांत असतात तसे उत्तेजक घटक अल्प प्रमाणात आढळले होते. अजाणतेपणी पोटात गेले हे म्हणणं अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने मान्य केलं. ही कागदपत्रं २००३ मध्ये बाहेर आली, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघानेही हे प्रकरण नियमभंगाचं नसल्याचं सांगितलं. लिनफर्ड ख्रिस्तीच्या सोलमधल्याच दोनशे मीटरनंतरच्या नमुन्यात स्यूडोएफेड्रिन हे उत्तेजक आढळलं. जिनसेंगच्या चहातून ते आलं असं त्याने सांगितलं आणि वैद्यकीय आयोगाने एका मताच्या फरकाने त्याला मोकळं केलं. १९९९ मध्ये मात्र नँड्रोलोन या स्टेरॉइडसाठी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. पाचवा आलेला अमेरिकेचा डेनिस मिचेल १९९८ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला. कॅनडाच्याच देसाई विल्यम्सचं नाव डुबिन आयोगापुढच्या साक्षींत आलं. रे स्टुअर्ट पुढे प्रशिक्षक झाला आणि धावपटूंना बंदी असलेली औषधं मिळवून दिल्याबद्दल २०१० मध्ये त्याच्यावर आजीवन बंदी लागली.

राहिले दोघे : ब्राझीलचा रॉब्सन दा सिल्वा आणि अमेरिकेचा कॅल्विन स्मिथ. त्यांच्यावर कधीही डाग आला नाही.

तेव्हा ‘सगळेच’ म्हणणं खोटं आहे, आणि मला ते अन्यायाचंही वाटतं. सर्दीचं औषध आणि वर्षानुवर्षांचं स्टेरॉइड एका तराजूत तोलता येत नाही. दहा वर्षांनंतरच्या गुन्ह्यावरून १९८८ ची शर्यत ठरवता येत नाही. आणि ‘सगळेच’ या एका शब्दाखाली दा सिल्वा आणि स्मिथ गाडले जातात.

स्मिथबद्दल फारसं कुणी का बोलत नाही?

कारण त्याने कधी आरडाओरडा केला नाही. रोममध्ये जॉन्सनने ज्याचा विक्रम मोडला, तो हाच स्मिथ. त्याने १९८३ आणि १९८७ अशा लागोपाठ दोन जागतिक स्पर्धांत दोनशे मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. सोलमध्ये तो चौथा आला, पदक मंचावर चढला नाही, जगाने त्याच्याकडे बघितलं नाही. जॉन्सनच्या अपात्रतेनंतर त्याला ब्राँझ मिळालं. त्या शर्यतीचं खरं सुवर्ण आपलं होतं, अशी भावना त्याने पुढे बोलून दाखवली आहे. औषधांमुळे कोणाचं काय जातं, असं विचारणाऱ्याने स्मिथची कारकीर्द वाचावी. तो क्षण परत देता येत नाही, पदक टपालाने आलं तरी.

कॅनडाच्या लोकांनी जॉन्सनला कसं वागवलं?

वर चढवलं आणि तितक्याच वेगाने खाली आपटलं. १९८७ मध्ये त्याला देशाचा ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ सन्मान मिळाला होता, सर्वोत्तम खेळाडूचा लू मार्श करंडकही. सोलनंतर जाहिरातींचे करार गेले, दाराशी छायाचित्रकारांचा गराडा पडला. जिंकल्यावर जो ‘आपला कॅनेडियन’ होता, तो पकडला गेल्यावर काही ठिकाणी ‘जमैकात जन्मलेला’ झाला. कॅनडातल्या कृष्णवर्णीय समाजाला ते टोचलं, आणि रास्तपणे टोचलं. १९९३ मध्ये तो पुन्हा सापडला तेव्हा तर एका मंत्र्याने त्याने जमैकाला परत जावं असं सुचवलं. खेळाडूच्या चुकीची शिक्षा बंदी ही असते, नागरिकत्वावर शंका ही नसते.

बंदी संपल्यावर तो परत आला तेव्हा काय झालं?

दोन वर्षांची बंदी भोगून १९९१ मध्ये तो मैदानात उतरला. हॅमिल्टनच्या बंदिस्त स्टेडियममधल्या पहिल्या शर्यतीत दुसरा आला. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत ब्लॉकमधून निघतानाच अडखळला आणि शेवटचा आला. पुढच्या जानेवारीत तो एकदम वेगवान दिसू लागला आणि माँट्रियलच्या स्पर्धेतल्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं. दुसरा गुन्हा, म्हणून मार्च १९९३ मध्ये आजीवन बंदी.

१९९९ मध्ये कॅनडातल्या एका लवादाने त्या बंदीच्या प्रक्रियेत त्रुटी दाखवून त्याला देशात धावण्याची मुभा दिली. आंतरराष्ट्रीय बंदी मात्र कायम होती. त्याच्याबरोबर जो धावेल तोही अडचणीत येईल या भीतीने कोणी उतरेना, आणि त्याला ट्रॅकवर एकट्यालाच धावावं लागलं. त्याच वर्षी लघवीचं प्रमाण वाढवणारं, इतर औषधं लपवायला वापरता येणारं एक द्रव्य त्याच्या नमुन्यात सापडलं. तिथे ते संपलं.

त्याच्या क्लबमधल्या सगळ्यांचं आयुष्य असंच संपलं का?

नाही. अडथळ्यांचा धावपटू मार्क मॅकॉय याच गटातला. त्यानेही आयोगापुढे कबुली दिली, बंदी भोगली आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला ११० मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकलं. चार्ली फ्रान्सिसला कॅनडाच्या संघटनेने कायमचं बाहेर ठेवलं. तो २०१० मध्ये वारला. अ‍ॅस्टाफन त्याआधी २००६ मध्ये गेला.

आज असं लपवणं शक्य आहे का?

आधीपेक्षा खूप कठीण, अशक्य नाही. आता आघाडीच्या धावपटूला रोजचा एक तास आणि ठिकाण आगाऊ कळवावं लागतं. त्या वेळी तपासनीस कधीही येऊ शकतो. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही, तर औषध न सापडताही बंदी येते. २०१९ चा शंभर मीटरचा जगज्जेता क्रिस्टियन कोलमन याच कारणाने टोकियो ऑलिम्पिकला मुकला. शिवाय रक्त-लघवीच्या जुन्या अहवालांशी नवे अहवाल ताडून पाहणारा ‘जैविक पासपोर्ट’ आहे, आणि नमुने दहा वर्षं राखून नव्या तंत्राने पुन्हा तपासता येतात.

तरी केवळ चाचण्यांवर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या बाल्को या प्रयोगशाळेच्या प्रकरणात टीएचजी नावाचं स्टेरॉइड खास चाचणीला चकवण्यासाठी बनवलं होतं. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने ते भरलेली सिरिंज गुपचूप अधिकाऱ्यांकडे पाठवली, तेव्हा कुठे ते ओळखता आलं. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स कितीतरी चाचण्यांतून स्वच्छ निघाली होती. २००७ मध्ये तिने कबूल केलं, २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधली पाच पदकं परत केली आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल तुरुंगवास भोगला. म्हणून आतल्या माणसाने तोंड उघडणं आजही प्रयोगशाळेइतकंच महत्त्वाचं आहे. जो असं बोलतो, त्याला संरक्षण मिळालंच पाहिजे.

९.७९ ही वेळ पुढे कोणी गाठली?

१९९१ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत लुईसने ९.८६ चा विक्रम केला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोनोव्हन बेली ९.८४ मध्ये जिंकला. तोही जमैकात जन्मलेला, कॅनडाकडून धावणारा. त्या विजयाने कॅनडात किती मोकळं वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको. अधिकृत नोंदीत ९.७९ पहिल्यांदा आली ती १९९९ मध्ये, मॉरिस ग्रीनच्या नावावर, अथेन्सला. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला विक्रम ९.५८ वर नेला.

जॉन्सनच्या नावावर आता ऑलिम्पिकचं काहीच उरलं नाही का?

उरलं आहे. सोलच्या निकालात त्याच्यापुढे ‘अपात्र’ आहे आणि पहिल्या क्रमांकावर लुईस. पण लॉस एंजेलिस १९८४ ची दोन्ही ब्राँझपदकं कधी काढून घेतली गेली नाहीत. स्टेरॉइड १९८१ पासून चालू होती असं साक्षींत येऊनही ऑलिम्पिक समितीने मागे जाऊन तो निकाल बदलला नाही, त्यामुळे ती पदकं आजही त्याच्याच नावावर आहेत.